इन्सिस्टचा आठवडा

आमच्या इंग्रजीच्या क्लासात व्याकरण कमी आणि किस्सेच जास्त साचतात, माझ्या घरी खुर्चीवर न घडी केलेले कपडे साचतात तसे! मोताळ्यात शबानाभाभींच्या शिलाईच्या दुकानात दर सोमवारी दुपारी भाभी, वनिता आणि मी अशा तिघी आया जमतो. शिकवतात नलूताई, रिटायर्ड शिक्षिका. नियम एकच: मिळालेलं क्रियापद आठवडाभर वापरायचं, मग येऊन सांगायचं. नाही वापरलं तर चहा नाही!

एका सोमवारी शब्द मिळाला, ‘इन्सिस्ट’.

"म्हणजे आग्रह," मी हुशारी दाखवली.

"आग्रह तं जिलेबीचा करतेत!" वनिता म्हणाली.

नलूताईंनी सांगितलं, मूळ लॅटिन. अर्थ, एखाद्या गोष्टीवर उभं राहणं. "ओरडायचं नाही, रडायचं नाही. फक्त हलायचं नाही."

मी भाजीवाल्याकडे कोथिंबीरसुद्धा "सॉरी हं" म्हणून मागते!

*

शबानाभाभींकडे एक गृहस्थ बायकोचं लग्नातलं जुनं ब्लाऊज मापाला घेऊन आले.

"माप बाईचंच घीन. तिले आना," भाभी म्हणाल्या.

तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा बायको आली. टेप लावताच म्हणाली, "भाभी, लग्नापासून श्वास रोखून राह्यली होती मी!"

*

वनिताने लग्नात पहिल्याच पंगतीत, पुरुषांच्या ओळीत बसकण मारली. सासूबाई डोळे वटारून समोर उभ्या. ही हलेना.

शेवटी सासूबाई वाकून म्हणाल्या, "सरक थोडी, मलेबी बसू दे. भाजी गरम हाय!"

*

माझा आठवडा कोराच गेला. खरं तर काम माझ्याकडेच होतं. माझी पाच वर्षांची ओवी शाळेच्या ऑटोत कडेला बसते आणि ऑटोच्या दोन्ही बाजू उघड्या. मी रोज ऑटोवाल्या गजूभाऊंना म्हणायची, "जमलं तर, तुमच्या सवडीने, आडवा रॉड लावता का प्लीज?"

"टेन्शन काऊन घेता ताई? आजवर पडलं का कोनी?"

"हे इन्सिस्ट नाही," सोमवारी क्लासात हे ऐकून नलूताई म्हणाल्या, "हा विनंती अर्ज आहे!"

त्या दिवशी मला चहा मिळाला नाही.

*

मंगळवारी सकाळी ओवीची वॉटरबॅग गळ्यात अडकवून मी ऑटोच्या पुढ्यात उभी राहिले.

"रॉड लागल्याशिवाय ऑटो हलणार नाही."

"ताई, शाळेले उशीर होऊन राह्यला!"

"होऊ द्या."

गजूभाऊंनी हॉर्न वाजवला. मी दचकले, पण तिथेच. मुलं आतून ओरडली, "ओवीची मम्मी हटत नाही बे!"

समोरच वेल्डिंगचं दुकान होतं. मुलांना खाली उतरवलं, ठिणग्या उडाल्या, रॉड बसला. मी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. पक्का!

गजूभाऊंनी घाम पुसला. "झालं ना ताई समाधान? आता तरी सरका!"

मी म्हटलं, "आणि दुसरी बाजू?"