नालाचा ठसा

हे मी अब्बांना सांगितलं नाही, बायकोला नाही. मशिदीत कपाळ टेकवूनही कधी शब्दांत आणलं नाही. तुम्हाला सांगतो. तुम्हालाच का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

आम्ही नालबंद, घोड्यांना नाल ठोकणारे. शहाद्यात एकच खोली, पुढं ओसरीवर भाता आणि ऐरण. अब्बा घोड्याचा पाय मांडीवर घेऊन खूर तासायचे; लाथा खाऊन त्यांच्या दोन बरगड्या कायमच्या वाकड्या बसल्या होत्या. काम नसलं की अम्मी मीठ-मिरची पाण्यात उकळायची आणि त्याला सालन, म्हणजे कालवण, म्हणायची. आम्हीही म्हणायचो. शाळेत माझ्या कपड्यांना खुराच्या तासणाचा वास यायचा, बाकावरची मुलं सरकून बसायची. तिथून मी पुण्याच्या कॉलेजापर्यंत पोचलो—स्वतःच्या डोक्याच्या बळावर, कुणाच्या वशिल्यानं नाही. हे मी आजही ताठ मानेनं सांगतो. पण पुण्यात कुणी बापाचा धंदा विचारला की मी म्हणायचो, घोड्यांचा व्यापार.

एवढंच खोटं. एवढंच?

शेवटच्या वर्षी सुट्टीत सारंगखेड्याच्या यात्रेत मी अब्बांच्या हाताखाली बसलो होतो. एका बड्या शेतकऱ्याच्या मुलानं घोडी आणली—त्याचं नाव नको. मागच्या डाव्या खुराला टाचेपाशी चीर. अशा खुराला उघडा नाल चालत नाही. मागची दोन टोकं आडव्या पट्टीनं जोडावी लागतात. तो नाल मीच घडवला, मीच ठोकला. चिरेजवळच्या दोन भोकांत मुद्दाम खिळे मारले नाहीत. अब्बांनी त्यावरून बोट फिरवलं आणि घोडीचा पाय खाली सोडला—म्हणजे चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा तीच घोडी बिनखोडीची म्हणून एका गुजराती व्यापाऱ्याच्या गळ्यात घालत होता. मला राहवलं नाही. मी खूर उचलून चीर दाखवली.

“कालेजमा शिकना म्हणे हाऊ! आते घोडीना वैद बी व्हयना का रे?” तो म्हणाला. लोक हसले, पण त्यालाच हसले. सौदा मोडला.

दोन दिवसांनी, दिवस कलताना तापीच्या वाळूतून एकटाच येत होतो. मागून टापा ऐकू आल्या—आणि डोक्यात काठी बसली. तोंडावर पडलो. मारणारा दिसलाच नाही. पण शुद्ध जाण्याआधी, नाकापासून वीतभर अंतरावर ओल्या वाळूत ठसा दिसला. मागून बंद, दोन खिळ्यांच्या जागा कोऱ्या. माणूस स्वतःचं अक्षर ओळखत नाही का?

मला उचलून आणलं दित्यानं. दित्या भिल्ल, पगी—वाळूतले, मातीतले माग काढणारा. यात्रेत तो आमच्या भात्याशी विडी पेटवायला यायचा. मला नाल ठोकताना त्यानं पाहिलं होतं. पग्यांच्या रीतीप्रमाणे, ठसा मोडू नये म्हणून, त्यानं आधी त्यावर टोपली पालथी घातली, मग मला खांद्यावर घेतलं. माझं घड्याळ वाळूत पडलं होतं, तेही हरवू नये म्हणून कमरेला खोचलं.

फौजदाराला त्याच्या अंगावर माझं रक्त दिसलं आणि कमरेला माझं घड्याळ. मग आणखी काय हवं? दित्यानं टोपली उचलून दाखवली, तर फौजदार म्हणाला, “घोड्यांच्या यात्रेत घोड्याचा ठसा! मोठाच शोध लावलास.” माझा जबाब घ्यायला आला तेव्हा मी म्हणालो, मारणारा पाहिला नाही. ते खरंच होतं. ठशाबद्दल मी गप्प राहिलो.

दित्यावर खटला भरला गेला आणि मला समन्स आलं. मार खाल्लेला मी, साक्षही माझी. कोट घालून कोर्टात उभा राहिलो. अब्बा बाहेर व्हरांड्यात, दाराशीच उकिडवे बसले होते. शपथ झाली. नाव झालं. बापाचा धंदा? समोर वकील मंडळी होती, त्यांतला एक माझ्याच कॉलेजचा. मी म्हणालो—घोड्यांचा व्यापार.

दित्याला वकील नव्हता. मॅजिस्ट्रेट साहेबांनी त्याला विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचं आहे का?

“टोपलीखालना नाल तूच ठोकेल शे ना, भाऊ?” तो म्हणाला. “सांग ना मंग सायबले.”

साहेब माझ्याकडे वळले. ठशावरून नाल ओळखता येतो का?

मी म्हणालो, माझा त्या कामाशी संबंध नाही. नाल सगळे सारखेच दिसतात.

तुम्हाला वाटेल, त्या बड्या घराला भ्यालो. भ्यालो असतो तर बरं होतं—भीती तरी माणसाची असते. पण मी भ्यालो नव्हतो. घोडी कुणाची हे सांगायचं, तर आधी नाल कुणी ठोकला हे सांगावं लागलं असतं. त्या कोटात, त्या वकिलासमोर, ते मला जमलं नाही. बस, इतकंच. दित्या चिडला नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पाठीमागे नेले.

निकालात साहेबांनी लिहिलं—साक्षीदार सुशिक्षित आहे, त्याच्या शब्दावर अविश्वास धरण्याचं कारण नाही.

परतताना गाडीत अब्बा बराच वेळ बैलांच्या शेपट्यांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, “सब नाल एक जैसे रहते क्या, बेटा?”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा कधी माझ्या हातात हातोडाही दिला नाही.

दित्याला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. सुटल्यावर तो परत आला नाही. त्याची बायको पोरं घेऊन आधीच सातपुड्यात निघून गेली होती. कुठल्या पाड्यावर, ते मला शोधता आलं असतं. मी शोधलं नाही.

दित्याला शिक्षा झाली त्याच उन्हाळ्यात माझ्या परीक्षेचा निकाल लागला. मी बी.ए. झालो. आमच्या मोहल्ल्यातला पहिला.