आईची पाळी आज मी केली

मंडळी, आत्ताच वालूरच्या आमच्या गल्लीतल्या देवीच्या देवळातून आले. नवरात्र असूनही दुपारी तिथं पाळीवाली सोडली तर चिटपाखरू नसतं. थंडगार फरशी, तेलाचा वास आणि अखंड तेवणारा दिवा. त्याच्याजवळ घरोघरच्या बायका पाळीपाळीनं बसतात. पुढची आली की "दिवा सांभाळ" असं तोंडानं सांगूनच उठायचं, ही रीत.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या वर्षांत, एसटी कधी बंद पडेल याचा नेम नव्हता तेव्हा, मी शाळेत होते. शेताच्या बांधावरून भांडण होऊन आई आणि काकू बोलत नव्हत्या. पण आईनंतरची पाळी काकूची. वर्षभर अबोला, नवरात्रात मात्र रोज हे दोन शब्द.

आई गेल्यावर आज पहिल्यांदाच तिच्या जागी मी बसले. काकू काठी टेकत आली.

"काकू, दिवा सांभाळ."

ती हसली. "तुझी माय लय ताठ. पाळी बदलून मागितली आसती तर कुनी न्हाई म्हणलं नसतं. तिनं कधी मागितली न्हाई. मी बी न्हाई."

मग मी लगेच उठलेच नाही. दोघी दिव्याजवळ बसून राहिलो, लय बरं वाटलं.

तुमच्याकडं आहे का अशी एखादी पाळी, जी कुणीच बदलून मागत नाही?