भंडाऱ्याने पिवळी झालेली जाळी

रोज सकाळी काटेरी कुंपणाच्या वाडग्यातून मेंढरं सोडण्याआधी हरणाबाई एकटीच पुढे जायची. तोंडासमोर काठी उभी धरून माळावरच्या वाटेने चालायची. काठीला चिकट तंतू लागला की थांबायची, चार पावलं मागे यायची आणि मेंढरांना दुसऱ्या अंगाने वळवायची. पावसाळा सरत आला की म्हसवडच्या पलीकडच्या त्या माळावर तरवडाच्या आणि बोरीच्या झुडपांमध्ये परातीएवढाली गोल जाळी लागतात. त्यांच्या मधोमध पिवळ्या पट्ट्यांचा कोळी डोकं खाली करून बसलेला असतो. हरणाबाई त्याला कातीण म्हणायची.

“आपुन लोकर कातायची, तिनं तंतू कातायचा,” ती म्हणायची. “भावकीतलीच हाय ती.”

अंकिता तिची भाची. तिच्या वडिलांनी, धनाजीने, तरुणपणीच मेंढरं सोडून सांगलीत शिपायाची नोकरी धरली होती. अंकिता तिथेच वाढली आणि प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.ला गेली. प्रकल्पासाठी तिने हाच कोळी निवडला. हा कोळी जाळ्यात जी पांढरी नागमोडी वीण घालतो, ती कीटकांना ओढून घेण्यासाठी की पाखरांना दूर ठेवण्यासाठी, हे तिला शोधायचं होतं. तीन आठवडे ती आत्याकडे राहिली. चाळीस झुडपांना तिने क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधल्या. रोज सकाळी ती जाळी मोजायची, किती कीटक अडकले ते लिहायची.

कॉलेजात शिकलेलं बरंचसं आत्याला आधीच ठाऊक होतं.

“पहाटं ती जुनं जाळं खाती आन नवं घालती,” हरणाबाईने पहिल्याच दिवशी सांगितलं.

“तुला कसं माहीत?”

“बघितलंय की. टाकून कशापायी देईल? ताटात अर्धी भाकरी ठेवायला ती काय तुज्यावानी सांगलीची हाय? आन कडंला त्यो बारका दिसतोय का? त्यो नवरा.”

“एवढासा?”

“मग? बायकू खाईल म्हणून बिचारा लांबनंच सलाम करतोय.”

दोघी हसल्या. अंकिताने त्या रात्री वहीत हे सगळं लिहून घेतलं. कोणी सांगितलं ते मात्र लिहिलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तिच्या कॉलेजच्या वल्लरी मॅडम चार मुलांना घेऊन काम बघायला येणार होत्या. आदल्या दिवशी अंकिता काळजीने म्हणाली, “आत्या, बाहेरचे कळप या वाटेनं आले तर? एक जाळं राहायचं नाही.”

 दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता देव्हाऱ्यापुढची भंडाऱ्याची पिशवी घेऊन हरणाबाई माळावर गेली. देवाची हळद पडली की ती जागा देवाची. तिथे कुठलाही मेंढका मेंढरू घालत नाही. तिने चाळीसही जाळ्यांवर चिमूट चिमूट भंडारा उधळला, घरी येऊन सहा माणसांच्या भाकऱ्या थापल्या आणि पाहुण्यांची वाट बघत माळावर जाऊन उभी राहिली.

मॅडमची गाडी आली तेव्हा उन्हात सगळी जाळी पिवळीधमक दिसत होती. काही कोळ्यांनी ते जड झालेले तंतू तोडून टाकले होते. काही मधली जागा सोडून पानाआड दडले होते. कीटक एकाही जाळ्यात नव्हता. तंतूंचा चिकटपणाच गेला होता.

“कातिणीचं लग्न दिसतंय, मॅडम,” राजवर्धन नावाचा मुलगा म्हणाला. “हळद लागली, आता फक्त अक्षता राहिल्यात.”

सगळे हसले. अंकिताही हसली.

“हे कुणी केलं?” मॅडमनी विचारलं. दहा हातांवर हरणाबाई उभी होती. बोटं पिवळी, चेहऱ्यावर शाबासकीची वाट बघणारं हसू. मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. “या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत का?”

“नाही मॅडम,” अंकिता म्हणाली. “मेंढरं घेऊन जातात इथून. अडाणी आहेत, त्यांना काय कळणार?”

हरणाबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू उतरलं. तिने बोटं पदराला पुसली. “चुकलं बाई माजं,” ती मॅडमना म्हणाली, अंकिताकडे न बघता, आणि मेंढरांना हाळी देत उताराला लागली. मॅडम आणि मुलं म्हसवडला हॉटेलात जेवली. अंकिताही त्यांच्यात जेवली. भाकऱ्यांची तिला आठवण होती.

प्रकल्पाच्या शेवटी तिने लिहिलं, ‘स्थानिक व्यक्तीच्या हस्तक्षेपामुळे काही नोंदी बाद.’ ते वाक्य लिहिताना तिचे कान तापले. तरी तिने ते खोडलं नाही. दिवाळीला अभ्यास आहे म्हणाली. संक्रांतीलाही आत्याकडे गेली नाही. रोज ठरवायची, आज मॅडमना सांगू. सांगितलं ते थेट फेब्रुवारीत, प्रयोगशाळेच्या दारात उभं राहून.

“ती माझी सख्खी आत्या आहे मॅडम. मी खोटं बोलले.”

मॅडमनी हातातली वही मिटली. मग म्हणाल्या, “मला काय सांगतेस? तिला सांग.”

अंकिताने शनिवारी जायचं ठरवलं. गुरुवारी दुपारी धनाजीला फोन आला. हरणाबाई मेंढरांमागे चालता चालता बसली होती आणि परत उठली नव्हती.

मातीला गेलेल्या अंकिताला बायका विचारत होत्या, आत्या तुझ्याशी शेवटचं काय बोलली.  आत्या शेवटचं बोलली होती ती त्याच भंडाऱ्याच्या दिवशी, मॅडमची गाडी म्हसवडहून गेल्यावर अंकिता सामान न्यायला परतली तेव्हा. अंकिताची बॅग डोक्यावर घेऊन हरणाबाई फाट्यापर्यंत आली होती.  एसटी दिसली तेव्हा अंकिताने “आत्या, मगाशी मी...” एवढंच म्हटलं होतं. हरणाबाईने बॅग तिच्या हातात दिली आणि हात करून गाडी थांबवली.

“पुढच्या शिटावर बस,” ती म्हणाली. “मागं बसलीस की तुला मळमळतं.”