आईची तगर

कॉलेजातल्या हर्बेरियमचं काम माझ्याकडे. म्हणजे झाडाची फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि खाली चिठ्ठीवर लिहायचं, कुठून आणली. यंदा जुने नमुने जिथून आणले तिथे झाड अजून आहे का, हे बघून यायचं ठरलं. माझ्या वाट्याला डबल तगर. म्हटलं, तगर काय, गल्लोगल्ली असते, काम खलास!

कसलं काय. साकीनाक्याच्या नर्सरीभोवती पत्रे ठोकलेले, आत खड्डा. मरोळच्या बंगल्याचं फाटकसुद्धा नाही. वर्सोव्याच्या अंगणातली फांदी तर मीच मागे तोडून आणलेली, तिथे टॉवरचं पार्किंग. घरी येऊन आईला हसत सांगितलं, "मी फांदी आणली की त्या जागेची वाट लागलीच समज."

आई हसली नाही. आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमागे तिची तगर आहे, त्याच नर्सरीतून आणलेली. लग्न होऊन कोकणातून आली, तेव्हा तिने लावली. देवाला रोज तिचीच फुलं. चिडली की आईची मालवणी सुटते. "माझ्या तगरीक हात लावलंस तर बघ!"

मी वैतागले. मुलीला विज्ञान शिकवलं आणि स्वतः हे असलं बोलते! पण खरं सांगते, मनात चरकलेच. कारण त्याच आठवड्यात दोन माणसं टेप घेऊन आमचं आवार मोजत होती. एकाने तगरीच्या बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढला. विचारलं तर म्हणे, "कुछ नहीं मॅडम, ऐसेच." मग सोसायटीच्या मीटिंगा सुरू झाल्या. बिल्डिंग पाडून टॉवर बांधायचा म्हणे. आई एकटी विरोधात. मीटिंगहून आली की जेवायची नाही. मला त्या झाडाकडे बघायचीच भीती वाटू लागली.

परवा संध्याकाळी मी चहा टाकत होते, तेवढ्यात आई आत आली. हातात तगरीची भलीमोठी फांदी, कळ्याफुलांसकट. पांढरा चीक तिच्या मनगटावर ओघळलेला.

"आई, अगं हे काय?"

"बिल्डरच्या कागदावर सही करून इलंय," ती म्हणाली. "एकटी किती अडवू? घे, दाब."

मला रडूच फुटलं. तसंच वर्तमानपत्र पसरलं, पानं नीट केली. कागदात तगरीचं फूल पांढरं राहत नाही, तपकिरी पडतं, हे तिला सांगवेना. चिठ्ठीवर "अंधेरी" लिहून थांबले.

"एवढंच?" आई म्हणाली. "मजला लिही. स्वयंपाकघराची खिडकी लिही. तिथून दिसायची, असं लिही."