डाव्या हाताचा पीळ

मेंढीमावशीच्या घरात शिरलं की आधी वास भेटतो, मग मावशी. कातरून आणलेल्या लोकरीचा वास तो, चिकट, थोडा दुधाळ, बराचसा गोठ्याचा. तिच्या नवऱ्याला तो येत नाही. जन्मभर बस चालवलेला माणूस. म्हणतो, "माझं नाक डिझेलनं कधीच खाल्लं, म्हणून तर हिच्याशी निभलं."

मावशी हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात होती. तिथं जन्म गेला चादरी धुण्यात, सगळ्या पांढऱ्या आणि सगळ्या चौकोनी. त्यामुळे असेल, घरी तिच्या सुयांवरून सरळसोट काही उतरायचं नाही. चावीवाल्याला तिनं सहा बोटांचा हातमोजा करून दिला, सहावं बोट किल्ल्यांचा जुडगा अडकवायला. किटलीला कोंबडीचा डगला घातला, तोटी चोचीतून बाहेर. वरच्या भाडेकरणीच्या खुर्च्यांना पायमोजे विणले आणि स्वतः जाऊन चढवले. "तुमच्या खुर्च्यांना थंडी वाजते हो, फार ओरडतात," एवढंच म्हणाली. भाडेकरीण अजून विचारात आहे की हा आहेर होता की टोमणा.

सूत मात्र विकतचं नाही. लोकर कोमट पाण्यात नुसती बुडवून ठेवायची, चोळायची नाही. चोळली की तिचा गठ्ठा होतो. मग वाळवायची, पिंजायची आणि टकळीवर कातायची. उजव्या हाताच्या चुटकीसरशी टकळी फिरे, आणि मावशी नवऱ्याशी भांडत असली तरी धागा एकसारखा उतरे.

मग जिन्यात पाय घसरला आणि उजवं मनगट गेलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, सुई धरता येऊ लागली, पण चुटकी काही वाजेना. टकळी अर्धा गरका घेऊन लोंबकळायची.

त्या वेळी नवऱ्याचा स्वेटर व्हायचा होता. तपकिरी लोकर, एक पदर, म्हणजे एकेरी धागा, ती पडायच्या आधीच कातून झालेला, दुसरा बाकी. दोन पदर एकत्र पिळले की सूत तयार. पण तो दुसरा पदर कातायचा कुणी?

तेवढ्यात नणंद आली. ती बायकांना विणकाम शिकवते, नीटनेटकं, पुस्तकातलं.

"वहिनी, रागावू नकोस. टकळी, पिंजणी, टोपली, सगळं माझ्या वर्गाला दे. इथं धूळ खात पडण्यापेक्षा बरं."

मावशीनं टोपली स्वतःकडं ओढली. मग म्हणाली, "एवढा स्वेटर होऊ दे. नाही झाला, तर येऊन घेऊन जा. मी एका शब्दानं अडवणार नाही."

"बघ हं. शब्द दिलास."

"दिला."

दुसऱ्या दिवसापासून मावशी डाव्या हातानं कातायला लागली. सुरुवातीचा धागा म्हणजे कुठं दोरखंड, कुठं कोळिष्टक. नवरा समोर बसून पेपराआडून बघायचा.

"रिव्हर्समध्ये गाडी घालतेयस."

"तुम्ही उतरा खाली, शिट्टी मारा मागून."

हळूहळू धागा एकसारखा झाला. दुसरा पदर पुरा झाला त्या दिवशी तिनं स्वतःहून चहा टाकला, नवऱ्याला न सांगता दोनदा साखर घातली आणि दोन्ही पदर एकत्र पिळायला घेतले.

एक पदर सुटत चालला. पीळ उलगडून लोकर भुसभुशीत झाली आणि हातातच तुटली. दुसरा इतका आवळला की त्याच्या गाठी वळल्या. मावशीनं टकळी खाली ठेवली. उजव्या चुटकीनं टकळी एका अंगाला फिरते, डाव्या चुटकीनं दुसऱ्या. एवढी वर्षं कातणाऱ्या बाईला हे ठाऊक नव्हतं असं नाही. हात चालतोय या आनंदात तो कुठं चाललाय हे बघायचं राहिलं. दोन पदर, दोन उलटे पीळ. त्यांचा संसार होणार नव्हता. आणि त्या तपकिरी मेंढीची लोकर संपली होती.

"चहा फार गोड झालाय," नवरा म्हणाला.

"प्या गुमान."

चार दिवस टोपलीला हात लागला नाही. पाचव्या दिवशी तिनं दोन्ही पदरांचा एकेक छोटा तुकडा विणून पाहिला, न जोडता, एकेरीच. एकेरी सुताचं विणकाम पिळाच्या अंगाला कलतं. उजव्या हाताचा तुकडा एकीकडे झुकला, डाव्या हाताचा दुसरीकडे. तिनं ते शेजारी शेजारी ठेवले आणि चष्मा वर सरकवला.

नणंद टोपली न्यायला पिशवी घेऊनच आली, तेव्हा भाऊ दारात उभा होता, नवा स्वेटर घालून. अर्धा उजव्या हाताचा, अर्धा डाव्या हाताचा, मधोमध शिवलेला. टाक्यांच्या रांगा दोन्हीकडून तिरक्या येऊन छातीवर भेटत होत्या आणि बाणासारख्या खाली उतरत होत्या.

"हा बाण माझ्या पोटाकडं का दाखवतो, विचार तुझ्या वहिनीला," तो म्हणाला.

"नजरेत भरतंय म्हणून," आतून आवाज आला.

नणंदेनं शिवण उलटसुलट करून पाहिली, खालची किनार ओढून पाहिली. वाकडं कुठं सापडेना, सरळही कुठं सापडेना.

"हे वर्गात कसं शिकवू मी?"

"आधी पडावं लागतं," मावशी म्हणाली. टकळी तिच्या डाव्या हातात होती. "पिशवी आणलीच आहेस तर माझ्या लोकरीच्या धनगराकडं जाऊन ये. पांढरी मिळाली तर पांढरी आण."