काटेवाल्यांचा बर्फातला पराक्रम

बाजारात त्यांना सगळे काटेवाले म्हणत. दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. स्प्रिंग सैल झाली की काटा कुणाच्या बाजूनं खोटं बोलतोय, हे ते नुसतं तबकावर बोट टेकवून सांगत. वजनाच्या बाबतीत त्यांनी कुणाला गुंजभरही सूट दिली नाही. बोलण्यात मात्र स्वतःला भरपूर दिली होती.

झालं असं, की तरुणपणी एक हिवाळा ते डोंगरातल्या एका स्कीइंगच्या गावी कामाला होते. काम काय, तर रोपवेच्या तळाशी प्रवाशांच्या बॅगा तोलायचं. पण लग्न ठरताना होणाऱ्या बायकोसमोर त्यांनी त्या हिवाळ्याचं वर्णन जरा वाढवून केलं, आणि वाढवलेलं पुढं वाढतच गेलं. लेकीच्या लहानपणी तर बाबा सगळ्यांत उभ्या उतारावरून एका पायावर खाली येत असत.

आता त्याच लेकीनं, नोकरीतली पहिली लांब रजा मिळताच, तिघांची स्कीइंगची सहल आखली. गावही निवडलं ते अवघड उतारांसाठी नावाजलेलं, खास बाबांसाठी. फ्रिजवर नकाशा लागला. त्यात सर्वांत कठीण उतार काळ्या रेघांनी दाखवले होते आणि रेघा पुष्कळ होत्या. स्की भाड्यानं घ्यायच्या अर्जात तिनं कौशल्याच्या रकान्यात स्वतःपुढं ‘मध्यम’ लिहिलं, आईपुढं ‘नवशिकी’ आणि बाबांपुढं ‘निष्णात’. काटेवाल्यांनी ते पाहिलं, पण खोडलं नाही. दुसऱ्यानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं तर उतरता तरी येतं. इथं झाडच त्यांनी लावलेलं होतं.

निघायच्या आधीच्या सुटीच्या दिवशी, दुपारच्या जेवणाला, लेकीनं स्कीच्या दुकानाचं सूचनापत्रक त्यांच्यापुढं सरकवलं. बूट स्कीला धरून ठेवणारा चाप म्हणे माणसाचं वय, वजन आणि कौशल्य पाहून आवळतात. नवशिका पडला की चाप लगेच सुटतो. निष्णाताचा घट्ट ठेवतात, वेगात भलत्या वेळी सुटू नये म्हणून.

काटेवाल्यांनी ते दोनदा वाचलं. स्प्रिंगचं त्यांना कुणी शिकवायला नको होतं. चाप सुटणार नाही, म्हणजे मोडेल ते हाड. पाय वाचवायचा की एकतीस वर्षांची ऐट?

“मी स्कीइंग कधी केलेलंच नाही,” ते म्हणाले. “एकदाही नाही. मी तिथं बॅगा तोलायचो.”

लेकीनं आधी कपाळावर हात मारला आणि मग ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नकाशातल्या काळ्या रेघा बघून तिची आठवडाभर झोप उडाली होती. तिचं ‘मध्यम’सुद्धा ऑफिसच्या दोन दिवसांच्या सहलीच्या जोरावरच होतं, पण बाबांपुढं कच खाल्ली असं दिसायला नको म्हणून ती बोलली नव्हती. तिनं दोन्ही शब्द खोडले. काटेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी परत वाढून घेतलं.

मग त्यांचं लक्ष बायकोकडं गेलं. ती शांतपणे ताटं आवरत होती.

“तुला धक्का नाही बसला?”

“मला लग्नाआधीच कळलं होतं. उतारावर मागं रेलायचं, असं सांगितलंत तुम्ही. मागं रेललं की माणूस आपटतो.”

“तुला काय माहीत?”

तिनं हात पुसले आणि सांगितलं. मामाचं घर डोंगरात होतं. एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिचा प्रत्येक हिवाळा स्कीवर गेला होता, शाळेकडून ती शर्यतीतही उतरली होती. घर विकलं, मामा गेला आणि विषय संपला.

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही किती रंगून सांगत होता. म्हटलं, नंतर सांगू. नंतर सांगितलं असतं तर तुमचं तोंड पडलं असतं. मग राहूनच गेलं.”

काटेवाल्यांना सुटल्यासारखं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. लेकीनं अर्ज आईपुढं सरकवला. आईनं तो बाजूला ठेवला आणि फोन उचलून सरळ दुकानाला लावला. बूट कडक हवेत, स्की लांब हव्यात, तीस वर्षांच्या वर खंड पडलाय म्हणून चाप पहिल्या दिवशी सैल ठेवा, दुसऱ्या दिवशी मी येऊन आवळून घेईन, असं तिनं एका दमात सांगितलं.

मग तिनं विचारलं, “सगळ्यांत वरचा रोपवे सकाळी किती वाजता सुरू होतो?”

एकतीस वर्षांत तिला स्वतःसाठी काही मागताना काटेवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.