ड्रेशरमास्तरांचं लायसन

लतिका पाटणकरकडे गाडी शिकलेली बाई नापास होत नाही, असं अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी बायकांत बोललं जातं, आणि ते जवळपास खरं आहे. सव्वीस वर्षांत नापास झाल्या त्या चौघी. त्यातल्या एकीला परीक्षेच्या ऐन वेळी शिंक आली होती. तिला लतिका मोजत नाही.

तिची पद्धत पाठांतराची. परीक्षा घेणारा साहेब ज्या रस्त्यानं नेतो, तो रस्ता ती पाढ्यासारखा घोटून घेते. "दवाखान्याची पाटी दिसली की डावा सिग्नल. तिथनं तिसरं झाड आलं की पाय ब्रेकवर. चर्चपाशी कुणी नसलं तरी मान दोन्हीकडं फिरवायची, लग्नात कोण कोण आलंय बघतो तशी." दोन आठवड्यांत बायकांना तो रस्ता डोळे मिटून म्हणता येतो. पास झाल्यावर बऱ्याच जणी परत येतात आणि म्हणतात, मावशी, आता बाकीचे रस्ते शिकवा.

ही पद्धत तिला लॉइड ड्रेशर यांनी दिली. ड्रेशर साठच्या दशकात ओहायोत आणि आसपास स्पोर्ट्स कारच्या शर्यती मारायचे. सात वर्षं मारल्या. एकदा दुसरे आले, दोनदा तिसरे, आणि उरलेल्या वेळी गाडी ढकलत परत आले. मग लग्न झालं, कॅरल नावाची मुलगी झाली, आणि त्यांनी कोलंबसला ड्रायव्हिंग स्कूल काढलं. लतिका मिरजेहून लग्न करून आली ती ब्याण्णव साली. इथं भाजी आणायची तरी गाडी लागते, हे कळल्यावर महिनाभर रडली आणि मग ड्रेशरांच्या शाळेत गेली. तिथंच शिकली, पुढं ग्रीन कार्ड आल्यावर तिथंच शिकवायला लागली. शाळा बंद झाली तेव्हा मास्तरांनी शाळेची शेवटची गाडी तिला दिली. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असलेली.

मास्तर बोलायचे इंग्रजीच. पण लतिकाच्या कानात शिरेपर्यंत त्याचं मिरजेचं होऊन जायचं. ती घरी येऊन नवऱ्याला सांगायची, "मास्तर म्हणले, पोरी, ब्रेक म्हंजे काय वैरी न्हवं, असा लाथा घालू नगंस." प्रल्हाद पाटणकर सदाशिव पेठेतला. तो विचारायचा, "ड्रेशर असं म्हणाले?"

"अगदी अस्संच म्हणले."

तेव्हा इथंही ते तसंच बोलतील.

मास्तर आता अठ्ठ्याऐंशीचे. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. डब्लिनच्या पश्चिमेला, मक्याच्या शेतांमधल्या रस्त्यावर त्यांचं घर आहे. दूध आणायचं तर सहा मैल. गेल्या हिवाळ्यात त्यांनी गाडीनं शेजाऱ्याची रस्त्याकडेची पत्रपेटी पाडली. शेजाऱ्यानं ती वीतभर पुढं बसवली. मास्तरांनी परत पाडली आणि वर सांगितलं, "ती तितं न्हवती." शेजाऱ्यानं हे कॅरलला कळवलं आणि कॅरलनं सरकारला. सरकारचं पत्र आलं की लेखी परीक्षा, डोळे आणि गाडी, तिन्हीत पास व्हा, नाहीतर लायसन जमा करा.

लेखी परीक्षेत मास्तरांची एकच चूक झाली. डोळेही ठीक निघाले. गाडीची परीक्षा तेवढी राहिली. त्यात नापास झाले तर काय, हे सगळ्यांना माहीत होतं. कॅरलनं सिनसिनाटीला वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती. खोलीला खिडकी होती. खिडकीतून पार्किंग दिसायचं.

मास्तरांनी लतिकाला फोन केला. "पोरी, तुज्या त्या बादल्या घिऊन ये."

ओहायोत परीक्षेला पाच शंकू मांडतात, त्यांच्यामधून गाडी पुढं घालून वळवायची आणि तशीच मागं आणायची. शंकूंच्या जागी लतिका नारिंगी बादल्या वापरते. सोमवारपासून देवळाच्या मागच्या पार्किंगमध्ये बादल्या मांडून दोघांचा सराव सुरू झाला. आधी बादल्या, मग परीक्षेच्या रस्त्याची फेरी. परीक्षा पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी.

पहिल्या दिवशी मास्तर जरा चाचपडले. तिसऱ्या दिवशी लतिकानं ठरवलं की आपल्या सगळ्या बायकांपेक्षा हे बरे. त्यांना रस्ता पाठ व्हायला दोन आठवडे लागले नाहीत, दोन फेऱ्या लागल्या. दवाखाना, सिग्नल, तिसरं झाड, ब्रेक. चर्च, मान डावीकडं, मान उजवीकडं. वर तोंडानं गप्पा. मास्तरांच्या स्वयंपाकघरात चौसष्ट सालचा एक फोटो होता, त्यात आठ ड्रायव्हर हेल्मेटं काखेत धरून उभे. त्या आठांचं पुढं काय झालं, ते मास्तर एका फेरीला एक माणूस या हिशोबानं सांगायचे.

"बड केलर. ताशी दीडशे मैलांनी उलटीपालटी झाला, तीनदा. खरचटलंबी न्हाई. सत्तर वर्साचा झाला आन् घराच्या पन्हाळीतला पाला काढताना शिडीवरनं पडून गेला."

"अरे देवा."

"शिडी आठ फुटाची. सिग्नल दे म्हणशील तर दिलाय."

"बगितला मी. पुढचा?"

"एड. तो ॲरिझोनात चँडलरला ऱ्हातोय. तितं म्हाताऱ्यांची वस्ती हाय, समदी गोल्फची गाडी घिऊन हिंडत्यात. ह्येची गाडी वस्तीच्या कमिटीनं काढून घेतली. लई जोरात चालवायचा."

"आन् ते कडेचे दोघं?"

"त्येनी एकमेकाला बासष्ट साली वळणावर घासलं. आता एकाच वृद्धाश्रमात हायती, जेवाय एकाच टेबलावर बसत्यात. बोलत न्हाईत."

फोटोतला एक जण सहासष्ट साली ट्रॅकवरच गेला. त्याच्या फेरीला मास्तर गप्पच राहिले. फेरी झाल्यावर म्हणाले, "त्येचं पुडचं काय न्हाई." आणि दार उघडून उतरले.

दुसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी लतिकानं देवयानीलाही त्याच वेळी बोलावलं. देवयानी नागपूरची, येऊन चार महिने झालेली, नवरा एका विमा कंपनीच्या ऑफिसात. आधी तिनं बादल्यांमधून गाडी काढायची, मग मास्तरांनी, असं ठरलं. देवयानीनं मागं येताना एक बादली आडवी केली. लाजली, उतरली आणि घाईत बादली परत उभी केली, पण दोन वीत आत.

"मावशी, मी उतरते. आता आजोबांना करू द्या. काय मस्त चालवून राहिले ना ते!"

मास्तर बसले. सफाईनं पुढं गेले, थांबले, मान वळवली आणि मागं आले. मागं येताना ती आत सरकलेली बादली चाकाखाली गेली, कडकडली आणि गाडीबरोबर फरफटत आली. मास्तरांनी गाडी नेमक्या जागी उभी केली.

"झालं," म्हणाले.

"मावशी, बादली—" देवयानी म्हणाली. लतिकानं तिचा दंड दाबला आणि दुसरीकडं बघितलं. मग खाली वाकून बादली ओढून काढली. तिचा पार चेंदामेंदा झाला होता.

लतिकानं ठरवलं, म्हातारं माणूस आहे, एखादी बादली जायची. रस्त्याची फेरी तेवढी करू.

दवाखान्याच्या पुढं पाण्याची पाइप दुरुस्त करायला रस्ता खणला होता. एक पट्टा बंद होता आणि जिथं कधी पाटी नव्हती, तिथं थांबायची लाल पाटी लावली होती, माणसाच्या उंचीची. मास्तरांनी डावा सिग्नल दिला. झाडं मोजली. एक, दोन. तिसऱ्याला अजून अवकाश होता आणि पाटी दुसऱ्याच्या पुढ्यात होती. मास्तर तिच्याशी न थांबता तसेच पुढं निघाले. पिवळं जाकीट घातलेला एक कामगार उडी मारून मातीच्या ढिगावर चढला. लतिकानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"पाटी हाय तिथं."

"तितं पाटी न्हाई."

"आज हाय, मास्तर."

मास्तर मागं वळून पाटीकडं बघत राहिले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग तिसऱ्या झाडाशी जाऊन त्यांनी व्यवस्थित ब्रेक लावला.

लतिकाला कळलं. मास्तर समोरचा रस्ता बघत नव्हते, पाठ केलेला रस्ता चालवत होते. आणि पाठ तिनं करून घेतला होता.

संध्याकाळी तिनं प्रल्हादला सांगितलं. तो भेंडी चिरत होता.

"ती पाटी शुक्रवारी असेल?"

"न्हाई. कामगाराला विचारलं मी. गुरुवारी काम संपतंय."

"मग पास होतील?"

"शंभर टक्के पास होतील. तेच तर रडगाणं हाय."

"तू कशाला मध्ये पडतेस? परीक्षा सरकार घेतंय. सरकारला ठरवू दे."

"सरकार गाडीत पाव तास बसतंय. मी तेहेतीस वर्षं बसलीय."

"तू सांगितलंस आणि ते सिनसिनाटीला गेले, तर आयुष्यभर ते तुला..."

"आयुष्यभर म्हंजे किती, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाचं?" लतिका म्हणाली. "आन् तो ढिगावर चढलेला माणूस? त्याला काय सांगू, परीक्षेत पास झाले होते म्हणून?"

प्रल्हादनं भेंडीची देठं गोळा केली. "सांगायचंच असेल तर उद्याच सांग. शुक्रवारी सकाळी नको."

बुधवारी ती उपीट घेऊन मास्तरांकडं गेली. मास्तरांना उपीट आवडतं. ते त्यावर केचप घालतात, आणि लतिका तेवढा वेळ खिडकीबाहेर बघते. आजही तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि बघता बघता सगळं सांगून टाकलं. पाटीचं, झाडांचं. तुम्ही शुक्रवारी पास व्हाल, पण मी गाडी देणार नाही, असंही. कॅरलनं मास्तरांच्या गाडीची किल्ली कधीच नेली होती, त्यामुळं परीक्षेला लतिकाची गाडी लागणार होती.

मास्तर खात राहिले. वाटी संपवली.

"ती बादली. किती आत होती?"

"दोन वीत. तुम्हाला दिसली न्हाई."

"दिसली न्हाई. पर लागली. चाकाखाली काय आलंय ते बुडाला कळतंय, पोरी." त्यांनी चमचा वाटीत आडवा ठेवला. "मला वाटलं, तू बगून न बगितल्यागत केलंस. म्हणलं, बरं हाय. दोगांनीबी न बगितल्यागत करू."

ते खरं होतं.

मास्तर उठले आणि फोटोशी गेले. दुसऱ्या टोकाच्या एका बारक्या माणसावर बोट ठेवलं. "ह्यो जीन. तुला ह्येचं सांगितलं न्हाई. आमच्यात समद्यात चांगला चालवायचा. पासष्ट साली शर्यतीच्या मधीच ट्रॅक सोडून आत आला, इंजिन बंद केलं, हेल्मेट काडून गाडीवर ठेवलं. मेकॅनिक धावत आले, काय मोडलं? म्हणला, काय न्हाई. आन् सॉसेज खायाला गेला."

"का?"

"त्येनं कदी सांगितलं न्हाई. आमी त्येला भित्रा म्हणलो. वरीसभर म्हणलो. मग तो दाताचा डाक्टर झाला आन् आमी समदे त्येच्याकडंच दात काढाय गेलो."

"आता कुठं असतात?"

"घरी. नव्वदीचा हाय. समदे दात हायती."

दार उघडून देताना ते परीक्षेबद्दल बोलले नाहीत. लतिकानंही विचारलं नाही. गाडी रस्त्याला लागल्यावर तिला वाटलं, आपण एक माणूस घरातून उठवला आणि तोही केचप घातलेल्या उपिटावर. वाटेत दोनदा थांबून परत जावं असं मनात आलं. गेली नाही.

गुरुवारी सकाळी फोन आला. "उद्या धा वाजता ये. गाडी धुऊन आण."

तिनं गाडी धुतली. आतून पुसली. प्रल्हाद म्हणाला, "देणार नव्हतीस ना?" ती म्हणाली, "धुवायला काय जातंय." किल्ली द्यायची की नाही हे शुक्रवारी दहा वाजेपर्यंत तिचं तिलाच ठरत नव्हतं.

मास्तर टाय लावून फाटकाशी उभे होते. सरकारी ऑफिसात पोचल्यावर परीक्षेची रांग डावीकडं होती. लतिका किल्ली मुठीत धरून डावीकडं वळली. मास्तर उजवीकडं गेले. नंबराचा कागद घेतला, खुर्चीत बसले, नंबर आल्यावर काउंटरवर गेले आणि खिशातून लायसन काढून ठेवलं.

"ह्ये घ्या. त्येच्या जागी नुसतं ओळखपत्र द्या."

काउंटरवरच्या पोरीनं संगणकात बघितलं. "तुमची अकरा वीसला परीक्षा आहे, सर."

"हाय खरी. पर त्या साहेबाला जरा बसू दे आज."

"नक्की? एकदा जमा झालं की..."

"म्हाईत हाय."

पोरीनं विचारलं, पत्ता तोच ना? मास्तर म्हणाले, म्हैनाभर तोच, फुडचा मुलगी कळवंल. उंची तीच? दोन इंच कमी लिही. वजन? वजन तेच, ते सांबाळलंय. डोळ्यांचा रंग? पोरीनं मान वर करून स्वतःच बघितलं आणि लिहिलं. मग पडद्यापुढं उभं करून फोटो काढला. चौसष्ट सालच्या फोटोसारखेच मास्तर याही फोटोत हसले नाहीत.

लतिका मागं खुर्च्यांपाशी उभी होती. किल्लीचे दात तिच्या तळव्यात उमटले होते. तिनं कॅरलला फोन लावला, कॅरलनं उचलला, आणि लतिकाच्या तोंडून एवढंच निघालं, "ते आपणहून लायसन द्यायला लागलेत." मग कॅरल म्हणाली की शनिवारी खोके घेऊन येते, आणि लतिका येईल का मदतीला. लतिका हो म्हणाली.

बाहेर ऊन कडक होतं. मास्तर सवयीनं डाव्या बाजूला, स्टिअरिंगच्या दाराशी गेले. लतिका तिथं आधीच उभी होती. दोघांचे हात एकदमच दाराला लागले. मास्तरांनी हात काढून घेतला, तिच्यासाठी दार उघडून धरलं, ती बसल्यावर लावलं आणि पलीकडं जायला निघाले. वाटेत त्यांनी चारही टायर बघितले. एकावर बुटानं टकटक केलं. वळसा पुरा करायला त्यांना बराच वेळ लागला. मागं एक गाडी जागेसाठी खोळंबली होती. लतिकानं इंजिन चालू केलं नाही.